फळ्यावरची तेरावी गाय

आमच्या गोठ्यात बारा गायी आहेत आणि एक फळा आहे. गायी सासऱ्यांच्या, फळा माझा. शाळेत नवे पांढरे बोर्ड आले तेव्हा जुने काळे फळे भंगारात चालले होते. त्यातला एक मी हेडसरांच्या मागे लागून मिळवला आणि टेम्पोत टाकून कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर आणला. तोवर कुठली गाय कधी भरवली आणि कधी विणार, ही सगळी माहिती अर्धी सासऱ्यांच्या डोक्यात आणि अर्धी नवऱ्याच्या मोबाईलमध्ये असायची. दोघांचं कधी जुळायचं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला असला कारभार बघवत नाही. मी पट्टी घेऊन रकाने आखले: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, भरवल्याची तारीख, तपासणी, विण्याची तारीख, शेरा. आणि हाताच्या सवयीने वरच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलं, 'पुसू नये'.

सासरे बराच वेळ ते वाचत उभे राहिले. त्यांची शाळा चौथीत सुटली, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. सुनेशी थेट बोलायची त्यांची पद्धत नाही. मला काही सांगायचं असलं की ते सासूबाईंकडे बघून बोलतात.

"अगं, तिला इचार, पुसू नये म्हंजी कुनी पुसू नये?"

मीही सासूबाईंकडेच बघून म्हणाले, "नानांना सांगा, शाळेत पोरं पुसतात, म्हणून लिहावं लागतं."

"हितं कोन पुसतंय?"

पुसणारी निघाली. फळ्याजवळच्या खुंट्यावरची गाय मान लांब करून खालच्या ओळी चाटायची. तिच्या अंगात चुना कमी पडतो म्हणे. ती रोज दोन ओळी खायची आणि नवरा रोज त्या परत लिहायचा.

फळ्याचं एवढं पुराण लावायचं कारण असं, की पुढे त्या फळ्यावर मी पण होते.

मला दिवस गेले तेव्हा लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, नजर लागते. मी नजर वगैरे मानत नाही, पण विषाची परीक्षा कोण घेणार, म्हणून मी नवऱ्याला बजावलं. सासूबाईंनासुद्धा नाही, माझ्या आईलासुद्धा नाही. त्याने मान डोलावली. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेले तर फळ्यावर बारा ओळींच्या खाली तेरावी ओळ. बिल्ला नंबराच्या जागी माझ्या स्कूटीचा नंबर. 'भरवल्याची तारीख' या रकान्यातही तारीख होती. ती वाचून माझे कान लाल झाले.

"हे काय आहे?" मी कुजबुजत ओरडले.

"लक्षात राहावं म्हणून."

"आणि ही विण्याची तारीख कुठून आणलीस?"

"गायीचाच तक्ता लावला. चार-दोन दिवस इकडेतिकडे, बाकी सेम हाय."

मी पुसायला फडकं शोधू लागले. तो म्हणाला, "कुणाला सांगू नको म्हणतेस. मग मी लिहू तरी कुठं?" त्याचा चेहरा इतका पडला होता, की मी फडकं खाली ठेवलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही होतं. माझं बाळ जगात कुठेतरी लिहिलेलं होतं, मग भले ते गायींच्या रांगेत का असेना. रोज शाळेत जाताना मी गोठ्याच्या दारातून डोकावून जायची, माझी ओळ कुणी चाटली तर नाही ना.

त्याच दिवसांत आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचे खड्डे कुणीतरी मुरूम टाकून बुजवले. पाच वर्षं त्या खड्ड्यांमधून मी स्कूटी नाचवत जात होते. ग्रामपंचायतीला जाग आली, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

मग एक दिवस जनावरांचे डॉक्टर आले. ते आले की आधी फळा बघतात. मला मनापासून मान देणारा या तालुक्यातला तो एकमेव पुरुष, कारण असा फळा त्यांनी दुसऱ्या कुठल्याच गोठ्यात पाहिलेला नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत भाकरी थापत होते. तिथून सगळं ऐकू येतं.

"ही तेरावी कोण? हिची तपासणीची तारीख उलटून गेली. आणा इकडं, हात घालून बघतो." त्यांनी खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा झटकला.

माझी भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली.

"ती... ती चरायला गेलीय," नवरा म्हणाला.

आमच्या गायी जन्मात कधी चरायला गेलेल्या नाहीत. काळ्यापांढऱ्या, दिवसाला पोतंभर चारा जागेवर खाणाऱ्या. डॉक्टरही चक्रावले. "चरायला? उन्हात? मग संध्याकाळी येतो. बांधून ठेवा."

मग सासऱ्यांचा आवाज आला, शांतपणे.

"ती आपली न्हाई. पाव्हन्यांची हाय. त्यांची ते बघतील."

डॉक्टर हो म्हणाले आणि पुढच्या गायीकडे वळले. सासऱ्यांचं वय झालं, आता गायींचा हिशेबही त्यांना राहत नाही, असं वाटून मला वाईट वाटलं. पण वेळ निभावली होती. आम्ही दोघं नंतर पोट धरून हसलो. ते हसणं मला नेमकं लक्षात आहे, कारण त्याच आठवड्यात आम्ही संगमनेरला सोनोग्राफीला गेलो.

डॉक्टरबाईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. नववा आठवडा होता. ठोके नव्हते. बाळाची वाढ सातव्या आठवड्याच्या आसपासच थांबली होती.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मॅडम, मशीन एकदा बंद करून चालू करता का?" शाळेत प्रोजेक्टर अडला की आम्ही तेच करतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मशीन खरंच बंद करून चालू केलं. मी त्यांचे ते उपकार विसरणार नाही.

मग त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की यात माझी काही चूक नाही, स्कूटीमुळे नाही, पपईमुळे नाही, असं पुष्कळ जणींना होतं. आणि पुढे तीन रस्ते आहेत. एक, वाट बघायची; शरीर आपलं आपण मोकळं होतं, पण त्याला दिवस किती लागतील सांगता येत नाही. दोन, गोळ्या, घरी राहून, एखाद्या दिवसात, पण दुखेल आणि रक्त जाईल. तीन, भूल देऊन इथेच पिशवी साफ करायची. काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. "तुमच्या तब्येतीला तिन्ही चालतील. घाई नाही. मध्येच ताप आला किंवा रक्त जास्त गेलं तर मात्र ताबडतोब यायचं. तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा. लग्नात साडीचा रंगसुद्धा मला कुणी विचारला नव्हता.

येताना कोल्हारला पुलाजवळ नवऱ्याने गाडी थांबवली आणि दोन भेळ सांगितल्या. सवय. संगमनेरहून येताना आम्ही नेहमी थांबतो, तसा तो थांबला, आणि पुडे हातात आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज भेळ खायचा दिवस नाही. पण घेतलेली टाकायची कशी? आम्ही गाडीत बसून रडत रडत दोन्ही पुडे संपवले. भेळवाल्याने काचेतून बघितलं आणि न मागता पाण्याची बाटली आणून दिली. "मिरची आज जरा झणझणीत पडलीय ताई," तो म्हणाला.

घरी सासूबाईंना दोन बातम्या एकदम द्यायच्या होत्या. मी म्हणाले, "आई, दिवस होते, आणि आता नाहीत." त्या आधी चिडल्या, मला सांगितलं का न्हाई म्हणून. मग पदर तोंडाला लावून रडल्या. मग उठल्या आणि शेगडी पेटवायला गेल्या.

"कच्चं बाळंतपन हाय बाई. पक्क्यापेक्षा जास्ती जपावं लागतं."

"आई, अजून काही झालेलं नाही. अजून ते आतच आहे."

"मंग आत्तापास्नं जपू."

एप्रिलचं ऊन होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि मी कानाला लोकरीचा स्कार्फ बांधून, पायात मोजे घालून, ओव्याची धुरी घेत बसले. शाळेला सुट्टी टाकली होती. शेजारच्या काकू डोकावल्या तेव्हा सासूबाईंना पटकन काही सुचेना, त्या म्हणाल्या, "कान फुटलाय तिचा." तासाभरात वस्तीवरून तीन घरांतलं औषध आलं. लसणाचं कोमट तेल, तुरटीचा लगदा, आणि कसलासा पाला, जो कानात पिळायचा होता. काकू स्वतः पिळायला बसल्या. माझे दोन्ही कान ठणठणीत होते, त्यातला डावा त्या उपचारांनी खरंच दुखायला लागला.

आता ठरवायचं होतं. सासूबाईंचं मत तयार होतं: पिशवी धुऊन टाक आणि मोकळी हो. नवरा विचार करकरून म्हणाला, "हे बघ, गाय मधेच गाभडली तर हल्ली डॉक्टर आत राहिलेला जार ओढून काढत न्हाईत. आपोआप पडू द्यायचा. फार तर..." तेवढ्यात मी फेकलेली उशी त्याच्या तोंडावर बसली. उशीच्या मागून तो म्हणाला, "मला दुसरं काय कळतंय गं? मी आयुष्यात तेवढंच बघितलंय." माझी आई फोनवर म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर, आणि पाठोपाठ योग्य काय ते अर्धा तास सांगितलं.

मी वहीच्या पानावर तीन रकाने आखले, परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' लिहितात तसे. फायदे, तोटे, दिवस, दुखणं. मुलांना मी या प्रश्नाला चार गुण देते. मला स्वतःला अर्धा पण मिळाला नसता, कारण शेवटी मी पान फाडलं आणि सांगून टाकलं, "मी थांबणार. वाट बघणार."

सगळ्यांना वाटलं, बाई धीराची आहे. नवऱ्याला तर वाटलं, त्याचा जाराचा मुद्दा पटला. खरं कारण मी कुणालाही सांगितलं नाही. मला वाटत होतं, मशीन चुकलं असेल. आठवडाभराने परत बघतील आणि ठोके असतील. मी वाट बघत होते ती मोकळं होण्याची नव्हे. विज्ञानाची बाई, आणि रोज सकाळी गोठ्यात जाऊन माझी ओळ शाबूत आहे का बघत होते. शाबूत असली की मला बरं वाटायचं.

त्या आठवड्यात लोक, म्हणजे घरचेच, जे बोलले त्याने मी फार चिडले. झालं ते झालं. पुढचं बघ. अजून वय आहे. एवढंसं तर होतं. कुणीही एकदा तरी म्हणावं, की होतं, एवढंच मला हवं होतं. सासरे तर काहीच बोलले नाहीत. जेवायला यायचे, खाली मान घालून जेवायचे आणि गोठ्यात निघून जायचे. त्यांना काही पडलेलीच नाही, असं मी नवऱ्याला ऐकवलं. त्यांच्यासाठी बारा गायी म्हणजेच घर आहे, असंही म्हणाले.

आठवड्याने परत सोनोग्राफी झाली. तेच. या वेळी मी मशीनचं काही म्हणाले नाही. बाईंनी विचारलं, "अजून थांबायचंय?" आणि मी नाही म्हणाले. मी गोळ्या घेतल्या. भूल नको वाटली, कारण मला झोपेत असताना ते जायला नको होतं. हे कारण माझ्या रकान्यांत कुठेच नव्हतं. बाईंनी कसं घ्यायचं, कधी फोन करायचा, तासाला दोन पॅड भरले तर सरळ गाडीत बसायचं, हे कागदावर लिहून दिलं, आणि नवऱ्याने त्याचा फोटो काढून मोबाईलचा वॉलपेपर केला.

रविवारी मी गोळ्या घेतल्या. आमचं बाथरूम अंगणात आहे, पत्र्याच्या दाराचं. सासूबाई दाराबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या आणि दर दोन मिनिटांनी विचारू लागल्या, "झालं का?" नवरा हातात गाडीची किल्ली घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता. काकू कानाची चौकशी करायला आल्या तर सासूबाईंनी त्यांना सांगितलं, ती कान धुतेय.

"दोन तास?"

"लई घान साचली हुती."

मी आत कळवळत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. हसलं की जास्त दुखायचं. खूप दुखलं, ते मी लपवणार नाही. आणि एका क्षणी मला कळलं, की आता झालं. मी दाराला टेकून बसले. बऱ्याच वेळाने सासूबाई दाराला तोंड लावून हळू म्हणाल्या, "माझं पन एक गेल्तं. तुझ्या नवऱ्याच्या आदी. कांद्याच्या वावरात. तशीच खुरपत राहिले दिवस मावळस्तोर. मला कुनी इचारलं न्हाई, बाई थांबतीस का गोळी घेतीस. तुला तीन तीन रस्ते इचारले!" आणि परत, "झालं का?"

"झालं, आई."

"मंग भाइर ये. शेगडी पेटवते."

तपासणीत सगळं ठीक निघालं. पंधरा दिवसांनी स्कार्फ सुटला, कान मोकळे झाले, आणि मी शाळेत जायला निघाले. निघण्याआधी फडकं घेऊन गोठ्यात गेले. जनावरांचे डॉक्टर परत येणार होते, पाहुण्यांची गाय किती दिवस दाखवायची? दुसऱ्या कुणी पुसायच्या आत मीच पुसणार होते.

गोठ्यात काहीतरी वेगळं वाटलं. चाटणारी गाय फळ्याजवळ नव्हती. तिला पार दुसऱ्या टोकाच्या खुंट्यावर बांधलं होतं आणि ती तिथून मान ताणताणून हंबरत होती. कोपऱ्यात मुरमाचा उरलेला ढीग होता, त्यावर सासऱ्यांचं घमेलं आणि फावडं. मी त्या ढिगाकडे बघत उभी राहिले. माझ्या स्कूटीत दर रविवारी हवा भरतं कोण? सासरेच भरतात. तिचा नंबर त्यांना पाठ आहे. पहिल्या दिवसापासून त्यांनी ती ओळ वाचली होती.

मी फळ्याकडे वळले. तेरावी ओळ जशीच्या तशी होती, विण्याच्या तारखेसकट. इतके दिवस माझ्या ओळीत शेऱ्याचा रकाना तेवढा रिकामा होता, तो आता भरलेला होता. माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

'ही आपली हाय. पुसू नये.'

मी फडकं तोंडाला लावलं. त्याला शेणाचा वास होता, तरी तसंच धरून ठेवलं. मागे गव्हाणीत वैरण टाकल्याचा आवाज आला. सासरे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, इकडेतिकडे बघितलं. सासूबाई तिथे नव्हत्या. नवरा दूध घालायला गेला होता. काही बोलायचं तर होतं, आणि मध्ये घ्यायला माणूस नव्हतं. शेवटी ते समोरच्या गायीकडे बघून म्हणाले,

"तिला सांग, गाडी सावकाश चालव म्हनावं. लगीच पळवू नगं म्हनावं."

मी पण गायीकडेच बघितलं. "नानांना सांग, खड्डे आता नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गायीला वैरण टाकायला गेले. मी फडकं खिळ्याला अडकवलं आणि शाळेत गेले.